एकशेबारा नंबरच्या दोन चुली

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जून २०२५

ती. अरुणाआत्तीस,

माझं सगळं बदललं ते परवा मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. नमस्कार मागनं करतो, आधी हे ऐक.

भाऊसोंच्या काटे दुरुस्तीच्या दुकानात, कामावर, एक वजनकाटा उघडून बसलो होतो. गुळाच्या अडतीतला काटा, आत मुंग्यांनी संसार थाटलेला. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फोन, आणि मेल आला. गेल्या महिन्यात मी एका कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेला बसलो होतो. तुला सांगितलं नव्हतं, कारण नापास झालो असतो तर गप्प बसता आलं असतं. तर पास झालो! दोन प्रोग्रॅम होते, एक पूर्ण सुटला, दुसरा निम्मा. अकरा पोरं पुढं घेतली त्यात मी. कावळा नाक्याजवळ यांचं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवतात. कॅन ठेवला की वजन, फॅट आणि पावती, सगळं आपोआप. पदवी असलीच पाहिजे असं न्हाय, काम येतं का बघतो, असं जाहिरातीत होतं. माझ्यासारख्या अर्ध्यावर कॉलेज सोडलेल्यानं दुसरं काय शोधायचं?

पण सगळं बदललं ते यामुळं नव्हे. मेलच्या तळाला लिहिलं होतं: ‘काही अडचण आल्यास संपर्क, आदिती चौगुले, सॉफ्टवेअर इंजिनिअर.’

आत्ती, ती आदिती.

तू म्हणशील, झालं ह्याचं सुरू. होऊ दे सुरू. दोन वर्षांपूर्वीची ती तोंडी परीक्षा मी अजून रोज देतो. प्रोजेक्ट आम्ही दोघांनी केलेला, निम्म्याहून जास्त तिनंच. बाहेरून आलेला परीक्षक टेबलावरच्या सर्किटकडं बघून तिला म्हणाला, “हे सगळं या मुलानं केलेलं दिसतंय. तुला यातलं काय येतं?” ती उभी होती, मल्टिमीटरच्या दोन वायरी तिच्या हातात, आणि हात थरथरत होता. मला ते बघवलं न्हाय. मी फाईल त्या माणसाच्या पुढ्यात आपटली, जे तोंडाला आलं ते बोललो, आणि दार असं आपटून बाहेर पडलो की वरची काच तडकली. माफीचं पत्र दे म्हणाले. दिलं न्हाय. कॉलेज सुटलं. घरी आण्णा सहा महिने माझ्याशी बोलले न्हायत. मला त्याचं काही वाटत न्हाय. तिच्यासाठी केलं, परत करीन.

दोन वर्षांत तिनं माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं न्हाय. आणि आता हे नाव. तिनंच माझा अर्ज पुढं सरकवला असणार. एवढं साधं कळत न्हाय काय मला?

फोनच करणार होतो, पण तुझा नियम. “फोनवर तू ओरडतोस, कागदावर ओरडता येत न्हाय.” बघ की, कागदावरपण येतंय. मी पास झालो!!!

मुलाखत २६ तारखेला. आशीर्वाद दे.

तुझा,
वृषभ


बिद्री
१६ जून २०२५

चि. वृषभ,

जय जिनेंद्र आणि आशीर्वाद. पत्र पोचलं. तीन उद्गारचिन्हं होती, त्यातली दोन मी लाल पेनानं खोडली आहेत. लॅबची सवय. एकतीस वर्षं दुधाच्या नमुन्यापुढं जे दिसलं तेवढंच लिहिलं, म्हणून मला जास्तीचं काही बघवत नाही.

पास झालास, फार बरं वाटलं. आमचे हे असते तर कारखान्याच्या अख्ख्या कॉलनीत सांगत फिरले असते. मी फक्त शेजारच्या मीनाबाईंना सांगितलं. आता कॉलनीला कळलंच म्हणून समज.

आता कान इकडं कर. मेलच्या तळाला कुणाचं तरी नाव असतंच. ते काही कुणी तुझी आठवण काढून छापलेलं नसतं. तू नोकरीसाठी चाललायस की आदितीसाठी? दोन्हीसाठी चाललास, तर त्यातलं एक घरी ठेवून जा, कारण मुलाखतीला एकच खुर्ची असते.

दुसरं. ज्याचं उत्तर येत नाही त्याला ‘येत नाही’ म्हण. आमच्या लॅबमध्ये नवीन पोरं यायची, नमुना बघून अंदाजे आकडा ठोकायची. मी त्यांना ठेवलं नाही. ‘परत तपासतो’ म्हणणारा एक होता, तो पुढं माझ्याच टेबलावर बसला.

तिसरं. राग आला की लगेच बोलू नकोस. खिशात कागद ठेव आणि त्यावर लिही. मला लिहितोस तसं. वेळ जातो तेवढाच.

आणि तिला कॅन्टीनमध्ये चहाला बोलावण्याचा बेत असेल तर सोड. ती चहा घेत नाही.

दिवस मावळायच्या आत जेवत जा.

तुझी,
आत्ती


राजारामपुरी, कोल्हापूर
२७ जून २०२५

ती. आत्तीस,

तू कागद ठेव म्हणालीस. ठेवला होता. खिशातच राहिला.

पहिल्यापासून सांगतो. बाहेर बाकावर पाच जण. शेजारच्यानं टाय लावलेला, हातात पारदर्शक फाईल. मला म्हणाला, “पावणं, कितवा राऊंड?” म्हटलं, “दुसरा. तुमचा?” म्हणाला, “माझा इथं दुसरा, आयुष्यात सतरावा.” असा हसला की मलापण हसू आलं.

आत यशराज सर. कंपनी त्यांचीच. पस्तिशीचे, बाह्या दुमडलेल्या, बोलायला साधे. आणि कोपऱ्यात वही घेऊन आदिती. आत्ती, तिनं केस कापलेत. मान वर करून एकदा बघितलं, ओळखीचं मान हलवणं, बास. माझं काळीज कुठं होतं ते सांगत न्हाय.

पहिला प्रश्न सोपा. काट्यावरचा आकडा सारखा नाचतोय, स्थिर कसा करशील? फळ्यावर जाऊन लिहिलं. सलग वीस आकडे घ्यायचे, त्यातले वेड्यासारखे उडालेले टाकायचे, उरलेल्यांची सरासरी. आणि म्हटलं, “पण सर, दुकानात मी आधी डोक्यावरचा पंखा बंद करतो. निम्मे काटे तेवढ्यानंच बरे होतात.” सर हसले. आदितीपण हसली. मी देवाशप्पथ सांगतो, हसली.

असं तासभर चाललं. मला येत होतं, आत्ती. दोन ठिकाणी ‘येत न्हाय’ म्हणालो, तू सांगितलंस तसं, आणि सर रागावले न्हायत. टायवाल्याला न्हाय, जागा मला मिळणार असं वाटायला लागलं.

मग शेवटचा प्रश्न. “सकाळची पाळी. एका सभासद नंबरवर दूध आलं, पावती निघाली. वीस मिनिटांनी त्याच नंबरवर परत दूध आलं. सॉफ्टवेअरनं काय करावं?”

मी म्हटलं, “घ्यावं.”

“दुबार नोंद आहे ती. चूक असणार.”

“चूक कशाची? दोन चुली असतील.”

त्यांना कळेना. मग आपल्या घरचं सांगितलं. एकशेबारा नंबर. आजोबांचा. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली, आण्णा आणि काका वेगळे होऊन बारा. मध्ये भिंत आली, गोठे दोन झाले, पण नंबर कुणी सोडला न्हाय. सकाळी आण्णांचा कॅन जातो, मागनं काकांचा. दूध सोसायटीच्या सेक्रेटरीनं वहीत एकशेबाराच्या पुढं एक टिंब दिलं की थोरली चूल, दोन टिंबं दिली की धाकटी. नवीन माणसाला कळत न्हाय, गावाला कळतं. आमच्याकडं पंधरा-वीस घरं अशी असतील.

सर म्हणाले, “म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर दोन कुटुंबं दूध घालतात. हा डेटाचा घोळ झाला. सोपं आहे, धाकट्याला नवा नंबर द्यायचा.”

माझं टाळकं सटकलं. आत्ती, तुझ्या वडलांना घोळ म्हणाला तो. म्हटलं, “नंबर देणारे तुम्ही कोण? काकाला नवा नंबर दिला तर तो घरातनं गेला असा अर्थ होतो. माझा बाप आणि काका बारा वर्षं बोलत न्हाईत, पण तो नंबर तेवढा दोघांचा हाय!” ते म्हणाले, “शांत हो, आपण एका प्रश्नावर बोलतोय.” आणि मी कोपऱ्याकडं वळून म्हटलं, “आदिती, तू तरी सांग की यांना!”

सरांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. परत तिच्याकडं. ती खाली वहीत बघत बसली. ती त्यांच्या बाजूची झाली, आत्ती. पगार सुरू झाला की माणूस असा होतो काय?

मी उठलो, दार आपटलं आणि आलो. काच नव्हती, म्हणून वाचली.

वृषभ

ता. क. ती चहा घेत न्हाय हे तुला कसं माहीत?


राजारामपुरी, कोल्हापूर
४ जुलै २०२५

ती. आत्तीस,

आठ दिवस झाले, उत्तर न्हाय. बिद्रीहून पत्र यायला एवढे दिवस लागत न्हाईत. तूपण रागावलीस? रागाव. आण्णा रागावले, कॉलेज रागावलं, आता तू.

भाऊसो म्हणतात, “पोरा, काटा दुरुस्त करताना तू किती निवांत असतोस, माणसात गेलास की तुला काय होतं रं?” मी म्हटलं, काटा उलट बोलत न्हाय. ते म्हणाले, “बोलतोय की. आकडा नाचतोय म्हणजे काय करतोय तो?” म्हातारा कधी कधी लई डोकं खातो.

कंपनीकडनं काही आलं न्हाय. येणार न्हाय. एक ओळ तरी लिही.

वृषभ


बिद्री
७ जुलै २०२५

चि. वृषभ,

जय जिनेंद्र. उत्तराला उशीर केला, तो मुद्दाम. एका माणसाची परवानगी हवी होती, ती काल मिळाली.

आदिती चहा घेत नाही हे मला माहीत आहे, कारण गेलं वर्षभर ती महिन्यातून दोन रविवार माझ्याकडं येते. ताक घेते. कंपनीत लागल्यावर तिला दुधाचं काहीच कळेना, तेव्हा तूच कधी काळी सांगितलेलं तिला आठवलं, की माझी आत्ती लॅबमध्ये होती. पत्ता काढून आली. फॅट कशी काढायची, नमुना कसा ढवळायचा, सेक्रेटरी वही कशी लिहितो, सगळं विचारून गेली. दारातच मला म्हणाली, “मी येते हे त्याला सांगू नका, नाहीतर मला येता येणार नाही.” म्हणून तुला सांगितलं नाही. तुझ्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. त्याचा राग माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

तुझा अर्ज तिनं सरकवला नाही. पेपर नावं झाकून तपासले होते. नाव उघडल्यावर तिनं स्वतःहून राजनंदिनी मॅडमना, म्हणजे नोकरभरती बघतात त्यांना, सांगितलं की हा माझ्या ओळखीचा आहे. तरी तिला खोलीत वही घेऊन बसवलं, कारण दुधाच्या नोंदीचं काम तिचं.

आता मुख्य. एका नंबरावरच्या दोन चुली तिला माहीत होत्या. मीच सांगितल्या होत्या, आपल्या घरच्या. तिनं ऑफिसात ते मांडलं होतं. सर म्हणाले होते, तीन गावांत यंत्र बसवलंय, आकडे येऊ दे, मग बघू. शुक्रवारी, २७ तारखेला, ती ते आकडे घेऊन बोलणार होती. आणि गुरुवारी तू त्याच प्रश्नावर तेच उत्तर दिलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, “आदिती, तू तरी सांग.” सरांनी काय समजावं? तिनं तुला प्रश्न आधीच सांगितला, आपलं म्हणणं तुझ्या तोंडून वदवलं. वृषभ, तिची चौकशी चालू आहे. तिच्याकडचं काम काढून घेतलंय. ती त्यांच्या बाजूची झाली म्हणतोस. ती वहीत बघत बसली, कारण त्या क्षणी ती काहीही बोलली असती तरी ते खोटंच वाटलं असतं.

आणि हे तिचं वाक्य. लिहा म्हणाली, म्हणून लिहिते. “तोंडी परीक्षेच्या दिवशी मला उत्तर येत होतं. त्यानं बोलू दिलं नाही. दोन वर्षं लोक मला विचारतात, तुझ्यासाठी कॉलेज सोडणारा तो मुलगा कुठं असतो? माझ्या सर्किटबद्दल आजवर कुणी विचारलं नाही.”

बाळा, एकतीस वर्षांत माझ्या टेबलासमोर पुष्कळ पाहुणे आले. नमुना मी तपासायची, प्रश्न मला विचारायचे, उत्तर साहेब द्यायचे. चांगले साहेब होते. मायेनं द्यायचे. एकदाही मला वाटलं नाही की ते माझं वाईट करतायत. म्हणूनच कधी सांगता आलं नाही.

आता तुझे हात शिवशिवत असतील. तिथं जाऊन, ती निर्दोष आहे म्हणून टेबल बडवू नकोस. तिसऱ्यांदा नको.

तुझी,
आत्ती


राजारामपुरी, कोल्हापूर
१० जुलै २०२५

आत्ती,

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझ्यावरच भडकलो. माझी आत्ती, माझ्या आजोबांचा नंबर, माझी... जाऊ दे. सहा कागद फाडले. हा सातवा.

ते मल्टिमीटर. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, तिचा हात थरथरत होता. काल दुकानात एका काट्याचा बोर्ड तपासत होतो, दोन्ही हातांत दोन वायरी, टोकं बरोबर बिंदूवर टेकवायची. तेव्हा माझा हात बघितला. असाच हलतो. सगळ्यांचा हलतो. ती घाबरली नव्हती, आत्ती. ती जोडून दाखवायला निघाली होती. अजून दोन सेकंद, आणि त्या माणसाला आकडा दिसला असता. ते दोन सेकंद मी घेतले.

कंपनीला जायला निघालोच होतो. गाडी चालू केली, परत बंद केली. मग शनिवारपर्यंत थांबायला नको म्हणून काल संध्याकाळी गावाकडं गेलो. आण्णांना म्हटलं, दुधाचं कार्ड द्या. “कशाला?” म्हटलं, “एका माणसाला दाखवायचंय की आपण घोळ न्हाय.” दिलं बिचाऱ्यांनी, पुढं काही विचारलं न्हाय. मग काकांचं पाहिजे होतं. भिंतीला वळसा घालून पहिल्यांदाच त्यांच्या दारात गेलो. काकू म्हणाली, “आत ये की, बाहेरनं काय बोलतोस?” काकांनी कार्ड शर्टाला पुसून दिलं. दोन्हींवर नंबर तोच, नाव आजोबांचंच, फक्त टिंबांचा फरक.

दोन्हींच्या झेरॉक्स काढल्या आणि यशराज सरांना लिहिलं. कागदावर, तुझ्यासारखं. त्यात एवढंच: माझ्या घरचा नंबर काय, दोन चुली कधी झाल्या, सेक्रेटरी नोंद कशी करतो, मी त्या दिवशी जे बोललो ते कुठनं आलं. दार आपटल्याबद्दल माफी मागितली. आयुष्यातलं पहिलं माफीचं पत्र, तेही दाराचं.

तिचं नाव एकदाही लिहिलं न्हाय. लई जड गेलं. तीन ठिकाणी लिहिलं होतं, तीन ठिकाणी खोडलं. बरोबर केलं काय?

वृषभ


बिद्री
१५ जुलै २०२५

चि. वृषभ,

बरोबर केलंस. सातव्या कागदावर एकही उद्गारचिन्ह नाही, लाल पेन काढावंच लागलं नाही.

परवा तुझ्या आण्णांचा फोन आला होता. म्हणाले, “पोरगं भिंतीपलीकडं जाऊन आलं.” वडलांच्या नंबराबद्दल मी या वयात असं काही ऐकीन असं वाटलं नव्हतं.

कंपनीकडून काही आलं तर कळव. नाही आलं तरी कळव.

तुझी,
आत्ती


कंपनीतला बाक, कोल्हापूर
२४ जुलै २०२५

ती. आत्तीस,

हे तुला इथूनच लिहितोय. खिशातला कागद आज बाहेर काढला. आत माझ्याबद्दल बोलणं चाललंय आणि ते ऐकू येऊ नये म्हणून बाकाच्या लांबच्या टोकाला बसलोय.

सोमवारी बोलावणं आलं. आज सकाळी अकरा वाजता त्याच खोलीत. यशराज सर, राजनंदिनी मॅडम, आणि आदिती. या खेपेला कोपऱ्यात न्हाय, टेबलाशी. टेबलावर आपल्या दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स.

सरांनी आधी स्वतःचंच सांगितलं. तीन गावांत यंत्रानं आठवड्यात एकोणीस घरांचं दूध ‘दुबार’ म्हणून परत पाठवलं. एका गावात बायका कॅन घेऊन यंत्रापुढं बसून राहिल्या, उठेनात. सर म्हणाले, “ही गोष्ट आदितीनं मला मार्चमध्ये सांगितली होती. मी ऐकली नाही, आणि नंतर तिच्यावरच संशय घेतला. तेही चुकलं.” मग मला म्हणाले, “वृषभ, तू सांग, आता हे कसं बांधायचं?”

आत्ती, मला येत होतं. सगळं तोंडावर आलेलं. पण फळ्यावर आदितीचं अक्षर होतं, अर्धं लिहिलेलं, मी यायच्या आधीचं. म्हटलं, “फळ्यावर सुरू केलंय, ते आधी पूर्ण ऐकू दे.”

ती उठली. वर घर, त्याला नंबर. घराखाली चुली, एक, दोन, पाहिजे तेवढ्या. नंबर कुणाचा मोडायचा न्हाय, पावती चुलीला द्यायची. पाच मिनिटं बोलली. मध्ये एका जागी अडकली. मला पुढचं दिसत होतं. मांडीखाली हात दाबून बसलो. ती थांबली, पुसलं, परत लिहिलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं सोडवलं. माझ्या डोक्यात होतं त्यात चूक होती, हे तेव्हा कळलं.

मग माझ्याकडं वळून, दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलली. “दोन्ही कॅन एकदम आले, तर कुठला कुणाचा हे सेक्रेटरी कशावरून ओळखतात? अरुणाआत्तींनाही ते सांगता आलं नाही.”

म्हटलं, “काकू कॅनच्या कडीला हिरवी चिंधी बांधते.”

तिनं ते वहीत लिहून घेतलं. चिंधी. आत्ती, तिला मी दोन वर्षांत हजार मेसेज पाठवले असतील. लिहून घेण्यासारखं एवढंच निघालं.

राजनंदिनी मॅडमनी विचारलं, “कॉलेज का सोडलंस? अर्जात नुसतं ‘वैयक्तिक’ लिहिलंयस.” पूर्वीचं उत्तर पाठ होतं, आणि ऐकायला तीपण समोर होती. म्हटलं, “रागात. कुणासाठी न्हाय. परीक्षकानं प्रश्न दुसऱ्याला विचारला होता, उत्तरही त्या दुसऱ्याकडंच होतं, मी मध्ये पडलो. नंतर माफी मागायची लाज वाटली, त्या लाजेला मी दोन वर्षं वेगळं नाव दिलं.” आदिती खाली बघत होती. काय वाटलं तिला, मला माहीत न्हाय. अंदाजे आकडा ठोकत न्हाय.

सर म्हणाले, काम तुला येतंय, आम्हाला माणूस पाहिजे. उरलेलं शिक्षण बाहेरून पूर्ण करशील काय? म्हटलं, करीन. मिळाली, असं वाटलं.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “एक राहिलं. ही जागा आदितीच्या टीममधली आहे. रोज एका टेबलावर काम. आदिती, तुझी काही हरकत?”

आणि बघ, माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. “तिची काही हरकत न्हाय, मी त्रास देणार न्हाय, मी लिहून देतो,” सगळं जिभेवर. तिचा हात टेबलावर होता, पेन धरलेला, जरासा हलत होता. मी त्या हाताकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

ती म्हणाली, “मला उत्तर द्यायचंय. पण तो खोलीत असताना नाही.”

सर माझ्याकडं बघायला लागले. मागच्या खेपेचं आपटलेलं दार त्यांना आठवत असणार. मी उठलो. खुर्ची आत सरकवली. “बरोबर हाय,” एवढंच म्हणालो, कुणाला ते मलाही ठाऊक न्हाय.

इथलं दार मागनं आपोआप लागणारं आहे, पण ते पूर्ण लागत न्हाय. चार बोटं फट राहते. बाहेर आलो तेव्हापण फट राहिली. त्या फटीतनं मॅडमचा आवाज आला, “हं, बोल आदिती,” आणि तिनं घेतलेला श्वासपण ऐकू आला. माझी नोकरी, माझी दोन वर्षं, सगळं त्या पुढच्या शब्दात होतं, आणि मी तिथं उभा होतो.

मूठ धरली, दार सावकाश ओढलं, आणि खट् होईपर्यंत लावून घेतलं.